जागृतीची नऊवारी

पेठ गावात गौरी उभ्या राहतात त्या दिवशी रोहिणीला दोन हात पुरत नाहीत. घरच्या दोघी गौरी उभ्या करून ती चहाचा कप तोंडाला लावते न लावते तोच दारात कुणीतरी हजर. "रोहिणीवैनी, चला बया लौकर, आमच्या गौरीच्या निऱ्याच बसंनात." मग ही पदराला हात पुसत निघाली. गौर म्हणजे तरी काय, लोखंडी सांगाडा आणि त्यावर पितळी मुखवटा. पाय नाहीत, कंबर नाही, खांद्याच्या जागी एक आडवी पट्टी. पण रोहिणीचा हात फिरला की वाटावं, ही माहेरवाशीण आत्ताच एसटीतून उतरून दम खात दारात उभी आहे. वरच्या आळीपासून हायवेकडेच्या नव्या बंगल्यांपर्यंत अकरा घरच्या गौरी तिच्या हातच्या. त्याचं ती काही घेत नसे. "देवीचं काम हाय," म्हणायची. पण कुणी "अशी गौर अख्ख्या तालुक्यात न्हाई" म्हटलं, की ते वाक्य दिवसभर खडीसाखरेसारखं गालात धरून ठेवायची. तिचं स्वतःचं असं तेवढं एकच होतं.

रोहिणीचं माहेर जुन्नर तालुक्यातलं बोरी बुद्रुक. सातवीत असताना ती पेठेला आत्याकडे शिकायला आली. शिकून परत जायची ती गेलीच नाही. बारावीचा निकाल लागला आणि आत्यानं, म्हणजे साळुबाईनं, भावाला निरोप धाडला, "पोर आता माघारी मिळायची न्हाई. माझ्या गोरखला ठेवून घेतलीया." पोर होतीच तशी. गोरीपान, नाकीडोळी नीटस, कमरेखाली वेणी. शाळेच्या गॅदरिंगला लक्ष्मी असो, राणी असो, की भारतमाता असो, गुरुजींना विचार करायची गरज नसे. मुकुट रोहिणीच्याच डोक्यावर.

आणि पडद्याची दोरी जागृतीच्या हातात. जागृती म्हणजे बाजारपेठेतल्या रिखबशेठची मधली मुलगी. त्यांचं किराण्याचं दुकान, वर घर. राजस्थानातून आलेलं घराणं, पण चार पिढ्या पेठेत काढलेल्या. बाकीची भावंडं गोरी, ही एकटीच काळीसावळी, उंच, अंगावरची हाडं मोजून घ्यावीत अशी. वर्गातली मुलं तिला शेवग्याची शेंग म्हणायची. दोघी एका बाकावर बसत, एका डब्यात जेवत. रोहिणी तिला फार जीव लावायची. आपल्याहून कमी असलेल्या मैत्रिणीला जीव लावायला कष्ट पडत नाहीत.

पुढं जागृती पुण्याला कॉलेजला गेली. तिथं कुणा फोटोवाल्यानं तिला दागिन्यांच्या जाहिरातीसाठी उभी केली. ती पहिली जाहिरात पेपरात आली तेव्हा रिखबशेठनी दोन दिवस दुकानाचं शटर अर्धंच उघडलं होतं, लाजेनं. मग मुंबई झाली, दिल्ली झाली, समुद्रापलीकडची गावं झाली. बघता बघता शेठजींची लाज गेली. आता गल्ल्यामागं तिचं मासिकातलं पान काचेत बसवून ठेवलंय, आणि गिऱ्हाईक साखर मागायला आलं तरी आधी ते पान बघून घेतं.

रोहिणीला हे सगळं पाठ होतं. लेकीच्या, ईश्वरीच्या, फोनवर ती रोज दुपारी जागृतीचे फोटो बघायची. कुठल्या महिन्यात कुठं चालली, अंगावर कुठला रंग होता, केस मोकळे होते की बांधलेले, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. बघायची ती खोट काढायला, आणि खोट सापडत नव्हती, हेच खरं दुखणं. तो काळा रंग, ज्याला सगळं गाव नाक मुरडायचं, तो फोटोत रोज अभिषेक होणाऱ्या पाषाणासारखा तुकतुकीत दिसायचा. ती लांब मान. ती खांद्याची हाडं. वय छत्तीस, रोहिणीइतकंच, पण चालायला लागली की साडी तिच्या मागून येत नसे, तिच्याबरोबर येई. सकाळी देवापुढं बसून रोहिणी एकशे आठ मण्यांची माळ ओढायची; साठाव्या-सत्तराव्या मण्याला देवाचं तोंड जाऊन जागृतीचं यायचं. मग ती पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू करायची. कधी कधी तीन-तीनदा.

त्यात ईश्वरी गेली बापावर. काळी आणि ताडमाड. लहानपणी आयाबाया हळहळायच्या, "आईवर न्हाई गं गेली." आता तीच पोर आरशापुढं डोक्यावर पुस्तक ठेवून चालायची आणि विचारायची, "मम्मी, मी जागृतीमावशीसारखी दिसते ना?" त्या घडीला आईच्या जिवाला आनंद व्हायला हवा होता. रोहिणीला झाला नाही.

यंदा गौरीच्या आधी आठ दिवस गोरख तिला मोटरसायकलवरून मंचरला घेऊन गेला. बटाट्याची काढणी चालू होती, त्यातून वेळ काढून. हायवेच्या कडेला साडीच्या दुकानाचा मोठा फलक लागला होता. त्यावर मोरपंखी पैठणीत जागृती, दुमजली घराएवढी.

गोरखनं गाडीच थांबवली. "आयला! ही आपली शेवग्याची शेंग न्हवं का?"

"गाडी मारा. ऊन लागतंय."

"थांब की. शाळंत हिच्याकडं कुनी ढुंकून बघत न्हवतं राव. आन् आता मान वर केल्याबिगर दिसंना."

"फोटोत समदेच चांगले दिसतात," रोहिणी म्हणाली. "आन् तो पदर बघा. एक निरी वर, एक खाली. नेसवणारीला अक्कल न्हाई."

"पदराकडं कोन बघतंय गं?" गोरख हसला. त्याच्या मनात काही नव्हतं, पण रोहिणी घरी येईस्तोवर त्याच्या पाठीला टेकली नाही. आणि दुसऱ्या दिवशी, घरात कुणी नसताना, तसाच पदर तिनं आरशापुढं स्वतःला घेऊन पाहिला. एक निरी वर, एक खाली. तो तसाच घ्यायचा होता. सुरेख दिसत होता, पण तिच्या खांद्यावर नाही.

गौरी बसल्या त्याच संध्याकाळी महिला मंडळाच्या लंकाबाई आल्या. अंगापिंडानं दणकट, आवाज मंडपाच्या स्पीकरसारखा.

"साळुबाई, ऐकलं का? रिखबशेठची जागृती आलीया. तिच्या आईनं, मोहनबाईंनी, पर्युषणात आठ दिसांचा उपास केला, त्याच्या पारण्याला. आता गौरी बघूनच जानार म्हनती. उद्या मंडपात आरती तिच्या हातनं करायची ठरलंय. नऊवारी नेसून दुकानापास्नं मारुतीपतुर चालत येनार."

"तिला येती व्हय नऊवारी?" साळुबाईनं विचारलं.

"कुठली येती! म्हनून तर आले. रोहिणे, नेसवायचं तुझ्याकडं."

रोहिणी पुरणाला डाळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मला उद्या सैपाक हाय. पुरनावरनाचा."

"चार वाजता गं. सैपाक काय चार वाजेस्तवर चालतो? आन् गावात दुसरं हाय कोन?"

"तेच म्हनते मी," साळुबाई फुशारून म्हणाली. "दुसऱ्या कुनाचं काम न्हाई ते. आन् साडी बी आमचीच घ्या. ईश्वरीच्या बारशाला बोरीवरनं आलेली हिरवी नऊवारी पेटीत पडून हाय. एकदाच नेसलीया."

ती साडी रोहिणीच्या बापानं आणली होती. रोहिणीनं डाळीतला खडा उचलून इतक्या जोरात फेकला की तो परातीच्या काठावर वाजला. पण "नको" म्हणायला कारण काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी चारला ती साडी काखेत घेऊन शेठजींच्या दुकानावरचा जिना चढली. जागृती दारातच उभी होती. पांढरा कुडता, तोंडाला रंग नाही, केस वर बांधलेले. रोहिणीला वाटलं होतं, जवळून बघितलं की कळेल सगळं. जवळूनही तेच होतं.

"रोहे!" जागृतीनं मिठी मारली. रोहिणीचं डोकं तिच्या खांद्यापर्यंतही पोचलं नाही.

"किती वाळलीस गं. खातेस का न्हाई काही?" रोहिणीनं मारायचा तो टोमणा मारला. समोरचीनं तो मायेत घेतला.

"खाते की. पारणं आईचं, आणि लाडू मी जास्त खाल्ले."

"मग जातंय कुठं?"

"उंचीत."

दोघी हसल्या. मोहनबाईंनी दुधाचा पेला आणून ठेवला. आठ दिवसांच्या उपासानं त्या थकल्या होत्या, पण चेहऱ्यावर तेज होतं.

"एवढ्या साड्या अंगावर चढवल्यास आयुष्यात," रोहिणी घडी उलगडत म्हणाली, "आन् नेसता येत न्हाई?"

"मला नेसवायला माणसं असतात. मी नुसती उभी राहते. हात वर म्हटलं की वर, वळ म्हटलं की वळ."

"म्हणजे आमच्या गौरीसारखंच."

"हो. फक्त गौरीला नैवेद्य मिळतो." जागृती पुन्हा हसली. "आणि हे बघ, मला टाचण्या नको लावूस हं. मागं एक पाठीत घुसली होती, तशीच चालले होते. तू गाठीवर नेसव. तुझी गाठ सुटत नाही, सगळं गाव सांगतं."

नऊवारीचं सगळं त्या एका गाठीवर असतं. कमरेला पहिला वेढा घेतला की साडीची पोटावर गाठ मारायची. पुढच्या निऱ्या, मागचा काष्टा, वरचा पदर, सगळं तिच्या जिवावर उभं. आणि पेठेत याची एक रीत आहे. बाईला निरगाठ मारायची, गौरीला सरगाठ. गौर काही चालत-फिरत नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिची पाठवणी करायची असते. तेव्हा देवीच्या वस्त्राशी ओढाताण नको, एका टोकाला धरून ओढलं की सुटलं पाहिजे. आदल्या दिवशी अकरा घरच्या बावीस गौरींना रोहिणीनं बावीस सरगाठी मारल्या होत्या.

तिनं पहिला वेढा घेतला. तेवढ्यात मोहनबाई कपाटातून एक जुना फोटो घेऊन आल्या. "जागृती, हा बघ, तुमच्या शाळेचा. साफसफाईत सापडला." फोटोत मखरात लक्ष्मी उभी होती, हातात कमळ, मागं लांब केस सोडलेले. पडद्याच्या कडेला अर्धी जागृती. मोहनबाईंनी चष्मा सारखा केला. "किती रूपवान पोर आहे गं ही. कोण ही लक्ष्मी? इकडं दिली नाही का कुठं?"

"आई, ही रोहिणीच की."

मोहनबाईंनी फोटोकडं बघितलं, मग रोहिणीकडं, मग परत फोटोकडं. "हो का," एवढंच म्हणाल्या आणि फोटो जपून कपाटात ठेवून दिला.

समोर लोखंडी कपाटाचा आरसा होता. त्यात जागृती सरळ उभी होती, नजर पुढं, हात जरा उचललेले. तिच्या कमरेशी वाकलेली एक जाड बाई दिसत होती, कपाळावर घाम, केसांत चांदी, गालांवर वांगाचे डाग. रोहिणीला आधी वाटलं, दुसरी कुणी मदतीला आलीय. मग तिनं नजर खाली घेतली आणि सरगाठ मारली.

सवयीनं झालं म्हणायला जागा होती. पण बाईला नेसवताना तिचा हात आजवर कधी चुकला नव्हता, आणि आजही चुकला नव्हता. फार काही होणार नाही, तिनं स्वतःला सांगितलं. साडी सुटून पडणार थोडीच. जरा सैल होईल, निऱ्या ओघळतील, काष्टा लोंबेल, चार बाया तोंडाला पदर लावून हसतील. एकदा हसू देत हिला कुणीतरी. विचारलंच कुणी तर म्हणता येईल, काल दिवसभर गौरी नेसवल्या, हाताला तेच वळण पडलं. वरून निऱ्या तिनं अशा घातल्या की त्यांच्याकडं बघून कुणाला शंका येऊ नये.

"झालं. बघ आता आरशात."

जागृतीनं आरशात बघितलं, मग वळून पाठमोरं बघितलं. "रोहे," ती म्हणाली, "मला इतकी छान कुणीच नेसवली नाही गं आजपर्यंत."

रोहिणीचं तोंड सुपारीएवढं झालं. पण गाठ तिनं बदलली नाही.

दुकानापासून मारुतीच्या मंडपापर्यंत तीनशे पावलं. दोन्ही बाजूंना बाया, पोरं, गच्चीवर म्हातारे. "आली, आली!" जागृती पायरी उतरली आणि रस्ताच गप्प झाला. चालणं तरी किती साधं, पण पाऊल कसं टाकायचं ते त्या तीनशे पावलांत गावानं पहिल्यांदा बघितलं. हिरवी साडी, सावळं अंग, कपाळावर चंद्रकोर. रोहिणी चार हात मागं होती, डोळे जागृतीच्या कमरेवर.

तिठ्यावर पोरींचा लोंढा फोटोला अंगावर आला. त्या धक्क्यात गाठ सरकली. रोहिणीला ते मागून कळलं. काष्ट्याची घडी बोटभर खाली आली. जागृतीचं पाऊल अडखळलं, पण डोळ्याचं पातं लवेपर्यंतच. तिनं डावा हात सावकाश उचलला, कमरेवर ठेवला, कोपर बाहेर काढलं, हनुवटी वर केली आणि चाल आणखी संथ केली.

"बाई बाई बाई!" लंकाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "काय ती ढब! बघा गं, शिका जरा. राणीवानी हाय."

मंडपापाशी पोचेपर्यंत सात-आठ पोरी कमरेवर हात ठेवून चालत होत्या. ईश्वरी त्यांच्यात पहिली. रोहिणीच्या जिवाचा तिळपापड झाला. हिला खाली बघायला लावायचं म्हणून गाठ सैल मारली, आणि हिनं ती सैल गाठही दागिन्यासारखी मिरवली! आता काय करावं या बाईला?

मंडपात मंडळाच्या गौरी होत्या, समोर ओटीचं सामान, नारळांची रास. लंकाबाईंनी पंचारतीचं ताट पेटवून पुढं धरलं. पितळेचं, जड, दोन्ही हातांनी धरायचं. "घे बाई. कर सुरू."

जागृतीनं ताट घेतलं नाही. डावा हात कमरेवरच होता. "एक मिनिट, काकू."

"आता काय मिनिट? वाती जळत्यात."

जागृतीनं मान वळवली आणि गर्दीत रोहिणीला शोधून काढलं. ती विनवत नव्हती, रागावलीही नव्हती. नुसती बघत होती. रोहिणीला कळलं, हिला सगळं समजलंय.

हात काढला की निऱ्या जमिनीवर. अख्ख्या गावापुढं, शंभर फोन वर धरलेले असताना, गौरीच्या समोर. रोहिणीच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर तिचं स्वतःचं नाव. कुणी नेसवली होती ही, असं विचारतील. खरं ते असं आहे. देवीपुढं खोटं कशाला सांगायचं. मग तिला दिसली ईश्वरी, सगळ्यात पुढं, कमरेवर हात, तोंड उघडं, जागृतीकडं बघत असलेली. त्या पोरीला हे दिसायला नको. एवढ्या दोन गोष्टींवर रोहिणी पुढं झाली.

"थांबा! वटी ऱ्हायली."

"कुनाची वटी?" लंकाबाईंचं ताट हातातच.

"जागृतीची."

"आगं खुळी का काय तू? लगीन न झालेल्या पोरीची वटी भरत्यात व्हय?"

बायांत कुजबूज उठली. साळुबाई मागून ओरडली, "रोहिणे, आगं काय करतीस? रीतभात हाय का न्हाई?" काहीजणी हसल्या. आता काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि तोंडात एकच गोष्ट येत होती, जी रोहिणीनं एवढ्या वर्षांत स्वतःशीसुद्धा कबूल केली नव्हती.

"बघा की तिच्याकडं," ती मोठ्यानं म्हणाली. "गौर उभी राहिलीया आपल्या दारात. मी नेसवलीया, मला ठावं. गौरीची वटी न भरता आरती कशी करायची?"

मंडप थबकला. मग साळुबाईच म्हणाली, "खरंय की गं. गौर काय आपलं लगीन सांगत येती का?" आणि बायांत हशा पिकला. "भरा, भरा वटी."

रोहिणीनं तांदूळ, खण, नारळ घेतला. जागृतीनं एका हातानं पदर पुढं पसरला. ओटी घालायची आणि पदराचं टोक कमरेला खोचायचं, एवढा वेळ होता. रोहिणी पदराआड वाकली, दोन्ही हात आत घातले.

"मुद्दाम?" जागृतीनं विचारलं. ओठ हलले नाहीत. चेहरा फोटोसाठी हसतच होता.

उत्तर तयार होतं. काल दिवसभर गौरी, हाताला वळण. रोहिणीनं ते गिळलं. "हो."

"मग आता तरी नीट बांध."

रोहिणीनं गाठ सोडली, ओढून पुन्हा मारली, वर आणखी एक. जागृतीचा श्वास क्षणभर कोंडला इतकी घट्ट. मग ती बाजूला झाली. जागृतीनं दोन्ही हातांनी ताट उचललं, कपाळापर्यंत नेलं, आणि टाळ्या वाजायला लागल्या. आरती संपल्यावर ओटी भरायला बायांची रांग लागली. पदर भरला की नारळ कुणीतरी काढून घ्यायला हवे, ते काम रोहिणीकडं आलं. सव्वीस नारळ तिनं पोत्यात भरले.

दिवेलागणीला जागृतीनं तिला वर बोलावून घेतलं. गाठ सुटत नव्हती. रोहिणीनं नखं लावली, मग केसातली पिन घातली. साडी उतरली तेव्हा जागृतीच्या कमरेभोवती बोटभर रुंद लाल वळ उठला होता.

"तेल लावते," रोहिणी म्हणाली.

"नको." जागृतीनं कुडता चढवला. "मला राग आलाय, रोहे."

"येणारच."

"बाहेर माझ्या पायात पाय घालणारी माणसं कमी नाहीत. तिथं मी जपून असते. दहा वेळा गाठ चाचपून बघते. इथं नाही बघितली." तिनं कपाळावरची चंद्रकोर पुसली. "वाचवलंस तेही तूच, ते मी विसरत नाही. पण सकाळी मी निघेन तेव्हा भेटायला येऊ नकोस."

रोहिणीनं साडीची घडी घातली. क्षमा मागावी असं तिला वाटलं, आणि तेवढ्यातच वाटलं, रागावल्यावरही ही किती चांगली दिसते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात असताना क्षमा मागणं तिला बरं दिसेना. ती जिना उतरून घरी आली. रात्रीच्या जेवणाला गोरख म्हणाला, "आज तुझंच नाव चाललंय समद्या गावात." तिनं त्याला पुरणपोळी वाढली आणि तूप वाढायला विसरली.

नाव चाललं ते खरंच. सकाळी गौरी हलवायच्या आधीच अवसरीहून एका लग्नघराचा फोन आला. "जागृतीला नेसवली त्याच ना तुम्ही? आमच्या नवरीला याल का?" दुपारपर्यंत असे आणखी दोन. एवढी वर्षं ती गौरी नेसवणारी रोहिणी होती. एका दिवसात ती जागृतीला नेसवणारी झाली, आणि आता मरेपर्यंत तीच राहणार, हे तिला फोन ठेवता ठेवता उमगलं. जागृती सकाळी सातलाच गाडीतून निघून गेली होती.

विहिरीवर गौरींच्या पाठवणीला बाया जमल्या तेव्हा लंकाबाई तिच्या अंगाला खेटून बसल्या. आवाज बारीक केला, म्हणजे चौघींनाच ऐकू जाईल इतका.

"रोहिणे, तू तर पार जवळनं बघितलीस. खरं सांग. रंगरंगोटीच असंल न्हाई समदी? आतनं कशी हाय?"

चौघी कान टवकारून बसल्या. रोहिणीकडं सांगण्यासारखं होतं. डोळ्यांखालच्या रेघा तिनं पाहिल्या होत्या, बरगड्या पाहिल्या होत्या, टाचांना पडलेले घट्टे पाहिले होते. नुसतं तेवढं सांगितलं असतं तरी विहिरीपासून घरापर्यंत बायांना पुरलं असतं.

"रंगरंगोटी काही न्हवती," ती म्हणाली. "तशीच हाय ती. देखणी हाय. लई देखणी."

"एवढंच?" लंकाबाईंचं तोंड उतरलं. त्यांना काही वेगळं ऐकायचं होतं.

रोहिणीलाही.